असू दे, लागेल कधीतरी!

मागच्या महिन्यात या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले की आमच्या माळ्यावरून 3 प्रेशर कुकर निघाले आणि त्यातल्या एकालाही शिट्टी नव्हती. एवढंच. पण त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवलेत. दुखणं सगळ्यांचं एकच, घरातला एक म्हणतो टाकू आणि दुसरा म्हणतो असू दे. गंमत म्हणजे बायका नवऱ्यांबद्दल लिहितात आणि नवरे बायकांबद्दल, त्यामुळे हे बाई-पुरुषाचं काही नाही. नावं कुणाचीच देत नाहीये, उगाच घरोघरी महाभारत नको.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही डोंबिवलीला राहतो, वन बीएचके, माणसं चार. मिस्टरांचं वय 52, एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. माणूस चांगला आहे, व्यसन नाही काही नाही, पण त्यांना काहीच टाकवत नाही. बेडच्या बॉक्समध्ये मोबाईलचे रिकामे खोके आहेत 14, मी मोजलेत. तीन मिक्सर, त्यातला चालू एक. फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल. 2016 च्या गणपतीचं थर्माकोलचं मखर, 2018 ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला वाटलं चला आता तरी हे जाईल, तर म्हणतात कसे, आता तर हे बाजारात मिळणारच नाही, मग टाकायचं कशाला! काय बोलणार? जूनमध्ये ते गावाला गेले तेव्हा मी दोन गोण्या भरून भंगारवाल्याला दिल्या, 140 रुपये आले. घरात पाय ठेवल्या ठेवल्या यांचा पहिला प्रश्न, माझी निळी पिशवी कुठाय. तडक त्या दुकानात गेले आणि त्यातलं अर्धं सामान 300 रुपये देऊन परत घेऊन आले. चार दिवस बोलले नाहीत. आता सकाळी कचरा बाहेर ठेवायच्या आधी पिशवी उघडून बघतात. सासरे गिरणीत होते, संपानंतर घरीच बसले, सासूबाईंनी खाणावळ चालवून मुलं वाढवली, पण त्या इतक्या टापटीप होत्या, मग हेच असे का? माझे थोडे डबे सोडले तर सगळा पसारा यांचाच आहे. मुलगी म्हणते मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटते. मी काय करू?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या निळ्या पिशवीपाशी अडकले. दोन गोण्या सामान गेलं आणि माणसाला दारातच निळी पिशवी आठवली, म्हणजे घरातल्या एकेका वस्तूचा पत्ता त्यांच्या डोक्यात आहे. आपल्याला वाटतं, ह्यांना कुठे कळणारे. कळतं. आणि एकदा पाठीमागे टाकलं की मग पुढे कित्येक वर्षं कचऱ्याची झडती सुरू होते, तुमच्याकडे झालीच आहे. म्हणून आधी, कितीही कडू लागलं तरी, सॉरी म्हणा. "पसारा होता हे खरं, पण तुम्हाला न विचारता द्यायला नको होतं," बास, एवढंच. त्याला "पण तुम्ही पण ना" अशी शेपटी जोडू नका.

आता तुम्ही सासऱ्यांचं एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला नाही जाता आलं. गिरणी संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, नुसता विरत गेला. तुमचे मिस्टर तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असणार. त्या वेळी गिरणगावातल्या खोल्यांमधून काय काय बाहेर गेलं ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आधी मंगळसूत्रातलं सोनं, मग पितळेची भांडी, मग शिलाई मशीन असेल तर ते. पोरांनी दारात उभं राहून ते बघितलंय. सासूबाई टापटीप होत्या म्हणता, अहो दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवायची तर टापटीप राहावंच लागतं, आणि ठेवायला त्यांच्याकडे उरलं तरी काय होतं! हा माझा अंदाज आहे, चुकतही असेन. पण एकदा त्यांना विचारून बघा, भांडणात नाही, रात्री जेवण झाल्यावर असंच, की तुमच्या घरी तेव्हा काय काय विकलं हो? आणि मग मध्ये न बोलता ऐका.

याचा अर्थ जन्मभर 14 खोके सांभाळायचे असा नाही बरं का. बेडचा बॉक्स तुमचाही आहे.

आधी एक कबुली देते. आमच्याकडे बोर्नव्हिटाची एक जुनी बरणी आहे, तिच्यात आमच्या ह्यांचा सगळा खजिना. गंजलेले स्क्रू, वॉशर, पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण, सायकलच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह, नऊ किल्ल्या (कुठल्या कुलपांच्या ते देवाला माहीत), एक पाच पैशाचं चौकोनी नाणं. पंधरा वर्षं मी त्या बरणीवर डोळा ठेवून होते. मग एका रविवारी रात्री साडेआठला, पाहुणे बाहेर बसलेले, आणि माझ्या हातात कुकरची मूठ सुटून आली. दुकानं बंद. ह्यांनी शांतपणे पेपर पसरला, बरणी उलटी केली, तर्जनीने सारत सारत एकेक बाजूला केला आणि बरोब्बर त्या मापाचा स्क्रू उचलून माझ्यापुढे धरला. तोंडातून एक शब्द नाही, पण चेहरा! तो स्क्रू मी अजून ऐकतेय. तर ठेवणाऱ्या माणसाच्या पदरी असा एखादा विजय असतोच, आणि तो एक विजय हजार बिनकामाच्या वस्तूंना जन्मभर पुरतो, लॉटरी एकदा लागलेल्या माणसासारखं. तुम्ही "कधी लागलंय का हे?" असं विचारलंत की तो विजय तुमच्या तोंडावर येणार. म्हणून तो प्रश्नच विचारायचा नाही.

आणि टाकताना जीव वर-खाली होतो तो फक्त त्यांचाच होतो असंही नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, 1990 मध्ये तो छापून आला. अर्ध्या मुलांना साधे कॉफीचे मग फुकट दिले आणि मग विचारलं की केवढ्याला विकाल, बाकीच्यांना विचारलं केवढ्याला घ्याल. विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट किंमत सांगितली. मग हातात येऊन किती वेळ झाला होता? काही मिनिटं! तिथे मिस्टरांच्या मिक्सरची काय कथा.

मग करायचं काय, तर वस्तूंवर भांडायचं सोडा आणि जागेवर बोला. वस्तूवर बोललं की प्रत्येक वायरीचा वेगळा खटला चालतो आणि न्यायाधीश तेच असतात. जागा मात्र मोजता येते. बसून ठरवा की बेडचा एक बॉक्स आणि अर्धा माळा त्यांचा, तिथे तुम्ही हात लावणार नाही, टोमणेसुद्धा मारणार नाही, आत काहीही असो. पण गॅसच्या आसपास, दाराच्या वाटेत, खिडकीत आणि मीटरच्या बोर्डाखाली काहीही ठेवायचं नाही, कारण तिथे प्रश्न आवडीचा नाही, आगीचा आहे, आणि मेंटेनन्सच्या माणसाला हे तुमच्यापेक्षा चांगलं समजतं, तिथे त्यांचा मान ठेवून त्यांनाच विचारा की काय काय हलवायला हवं. त्यांच्या जागेत नवीन काही घुसवायचं तर आतलं काहीतरी काढायचं आणि ते काय काढायचं हे त्यांनी ठरवायचं. आमची बरणी याच अटीवर राहिलीय, एकच बरणी, दुसरी नाही.

मिक्सरसाठी "दुरुस्तीला" अशी एक पिशवी करा आणि तिच्यावर तारीख लिहा. दोन्ही मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे त्यांनी स्वतः न्यायचे, तो म्हणाला होतो तर करून आणायचा आणि कुणाला तरी वापरायला द्यायचा, नाही म्हणाला तर तिथेच ठेवून यायचं, बरेच दुरुस्तीवाले पार्टसाठी ठेवून घेतात. हे महत्त्वाचंय, कारण असल्या माणसांना वस्तू गेल्याचं तितकं दुःख नसतं, वाया गेल्याचं असतं. केराच्या टोपलीत काही टाकणार नाहीत पण वॉचमनच्या मुलाला लागतंय म्हटलं की स्वतः पुसून देतील, करून बघा.

आणि मुहूर्त हवा असेल तर खंडेनवमीचा धरा. हत्यारांची पूजा असतेच, त्यांना म्हणा की या वर्षी सगळीच हत्यारं काढून नीट पुसून मांडूया. सगळी म्हणजे सगळी, माळ्यावरची, बेडमधली, स्कूटरच्या डिकीतली. चादरीवर सात स्क्रू ड्रायव्हर आणि चार पकडी एका ओळीत आल्या की तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. हळदकुंकू वाहता वाहता ते स्वतःच म्हणतील की याची धार गेलीय. तुम्ही फक्त हो म्हणायचं.

आता ते "माझे थोडे डबे". श्रीखंडाचे ना? आईस्क्रीमचे पण असणार. आधी ते काढा. त्यांच्यासमोर काढा, झाकण हरवलेले सगळे, आणि एक अक्षर न बोलता द्या. मुलीला सांगा की मैत्रिणींना आण, हॉलची एक भिंत मोकळी करून देते, आणि ती भिंत तेवढी पुढच्या रविवारपर्यंत खरंच मोकळी करा. चाळीस मिनिटं लावायची, चहा करायचा, झालं तेवढं झालं. आख्खं घर एका सुट्टीत करायला गेलात तर पुन्हा चार दिवस अबोला.

मखराचं काही सुचत नाहीये. ते बहुतेक राहणार.

प्रश्न: मी नाशिकचा, वय 61, रिटायर्ड. आमच्याकडे उलटं आहे. सौ. तशी टापटीप, पण दीड वर्षापूर्वी तिची आई गेली आणि भावाने घर विकायला काढल्यावर ही आईचं सगळं सामान टेम्पोने इकडे घेऊन आली. साठेक साड्या, तांब्या-पितळेची भांडी, पाटा-वरवंटा, आईचा चष्मा, औषधांचा डबा सुद्धा. मुलाची खोली भरलीय, तो दिवाळीला आला तर हॉलमध्ये झोपला. काही बोललो की रडते. मी वाट बघू का विषय काढू?

उत्तर: दीड वर्ष म्हणजे फार नाही हो. पण दिवाळीला मुलगा हॉलमध्ये झोपला हे तुमच्या हाती चांगलं निमित्त आहे, खोली मोकळी करायचीय असं म्हणा, सामान काढायचंय असं म्हणू नका. आईच्या सामानातला औषधांचा डबा मात्र आजच वेगळा काढा, त्यातली मुदत संपलेली औषधं घरात ठेवण्यात अर्थ नाही, वेळीअवेळी कुणी चुकून घेईल. रिकामा डबा ठेवायचा तर ठेवू दे. चष्म्याला तर हातही लावू नका, चष्मा किती जागा खातो?

साड्यांचं सांगते. साठ साड्या एकदम समोर आल्या की कुणालाही काही सुचत नाही. सौ.ना म्हणावं त्यातल्या आईच्या अंगावरच्या आठवतात त्या आधी काढ. लग्नात नेसलेली, रोज देवपूजेला नेसायची ती, हॉस्पिटलमध्ये जाताना नेसलेली. अशा दहा-बारा निघतील, त्या तिच्या. सुती असतील त्यांची गोधडी शिवून घ्या, आईच्या लुगड्यांची गोधडी पांघरायला मिळणं हे भाग्य आहे, आणि नातवंडांना एकेक दिली की वाटून सुद्धा होतं. राहिलेल्या पस्तीस-चाळीस बहिणी, भाच्या, आईकडे कामाला होती ती बाई, यांना एकेक निवडायला बोलवा, एक दुपार ठेवा, सामोसे आणा. ज्या उरतील त्या वापरण्याजोग्या असतील तर गूंजसारख्या संस्थेला द्या, 1999 पासून ते लोक शहरातले कपडे खेड्यापाड्यात पोचवतायत, नाशिकहून पाठवायची सोय काय ते आधी विचारून घ्या. बोहारणीला द्यायच्या असतील तर मात्र सौ.ला घासाघीस करायला बसवू नका, आईच्या साडीला स्टीलची गाळणी मिळाली की तो घाव जन्मभर राहतो. आणि "जुन्या जरीच्या साड्या घेतो" म्हणत दारावर येणारे असतात त्यांना घाईत काही देऊ नका, खऱ्या जरीत चांदी असते, ओळखीच्या सराफाला आधी काठ दाखवा.

तांब्या-पितळेचं माझं मत जरा वेगळं आहे. ते पडून ठेवायचं तरी नाही आणि मोडीत तरी नाही. दोन पातेल्यांना कल्हई लावा आणि वापरायला काढा, कल्हईवाला अजून सापडतो, भांड्यांच्या दुकानात विचारा. आईच्या पातेल्यातली आमटी रोज ताटात आली की बाकीच्या बारा पातेल्यांवरचा जीव थोडा सैल होतो, हे मी माझ्या जावेच्या घरी बघितलंय. पाटा-वरवंटा बाल्कनीत राहू दे. तो उचलणार कोण?

प्रश्न: ताई, आमच्या घरात कागद आहेत. फक्त कागद. मिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त, 1994 पासूनची लाईट बिलं वर्षवार बांधून ठेवलीयत, बँकेच्या स्लिपा, एटीएमच्या चिठ्ठ्या, मुलांच्या पहिलीपासूनच्या प्रगतीपुस्तकांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स. एक अख्खं लोखंडी कपाट आणि दोन ट्रंका. टाका म्हटलं की म्हणतात उद्या कुणी मागितलं तर? मला खरंच माहीत नाही की कुणी काय मागू शकतं. (पुणे)

उत्तर: हे पत्र वाचून मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. असो.

तुमच्या मिस्टरांना तुम्ही "टाका" म्हणता तिथेच गाडी अडते, त्यांना "फाईल करूया" म्हणा. सरकारी माणूस आहे, निंदणी-वर्गीकरण (म्हणजे नको ते कागद काढणं आणि उरलेले लावणं) हे शब्द ऐकले की उठून बसतील. तीन गठ्ठे करायला सांगा. पहिला जन्माचा: घराचं अग्रीमेंट आणि इंडेक्स टू (त्या अग्रीमेंटच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचे कागद, पेन्शनची पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), चालू पॉलिस्या, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, मृत्युपत्र केलं असेल तर ते. हे कधीही टाकायचे नाहीत आणि हे बघा किती होतात, एका फायलीत बसतात. दुसरा काही वर्षांचा: इन्कम टॅक्सची रिटर्न्स आणि त्यांना जोडलेले कागद, सात-आठ वर्षांचे ठेवा म्हणजे नोकरी-पेन्शनवाल्याला रात्री झोप लागते (धंदा किंवा कोर्टाची काही केस असेल तर आपल्या सीएला विचारल्याशिवाय एक कागद हलवू नका), घरपट्टीच्या पावत्या, घरात केलेल्या मोठ्या कामाची बिलं, कारण उद्या घर विकलंत तर टॅक्स काढताना ती उपयोगी पडतात. तिसरा गठ्ठा बाकी सगळा. लाईट बिलं मागच्या वर्षभराची खूप झाली, आधीचा काही वाद चालू असेल तर तेवढी वेगळी काढा.

एटीएमच्या चिठ्ठ्यांचं सोपंय. त्यांना सांगा की 2009 ची एखादी चिठ्ठी काढून वाचून दाखवा. तो थर्मल पेपर असतो, शाई नसतेच त्यात, उष्णतेने अक्षर उमटतं आणि काही वर्षांत उडून जातं. कोरा कागद हातात आला की काय बोलणार? आमच्याकडे असा 200 चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला, रबर बँड सकट, रबर बँड पण वितळून चिकटलेला. कोऱ्या चिठ्ठ्या दहा वर्षं जपल्या होत्या आम्ही!

दाखले वगैरे डिजिलॉकरवर येतात, 2015 पासून ती सरकारी सोय आहे, मुलाला सांगा सेट करून द्यायला. पण घराचे मूळ कागद ते मूळच, फोटो काढला म्हणून अग्रीमेंट रद्दीत नाही घालायचं. आणि हा पहिला गठ्ठा ट्रंकेत तळाला ठेवू नका. पुण्यात राहता म्हणून सांगते, 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पेठांमधल्या कितीतरी घरांचे कागद पाण्यात गेले, आमच्या सासरच्या वाड्याची कागदपत्रं त्यातलीच. आमच्याकडे झेरॉक्सच्या झेरॉक्स का असतात ते मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. तेव्हा तुमच्या मिस्टरांच्या घरचे पण कुणी नदीकाठचे होते का बघा. जाड प्लास्टिकच्या पाकिटात, उंचावर, आणि कुठे आहे ते मुलांना माहीत हवं.

रद्दीत देण्याआधी खाते नंबर, आधार नंबर, सही असलेला कागद फाडायचा, आडवा आणि उभा दोन्ही. हे काम मिस्टरांना द्या, टीव्ही बघत बघत आवडीने करतात. पुण्यातच आहात तर कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारा, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासद आहेत, 1993 सालची संघटना, आणि नावातच बघा ना, भंगार कसं वेगळं करायचं ते सांगून टाकलंय. कोरडा कागद वेगळा बांधून दिलात तर त्यांना तो विकता येतो, ओल्या कचऱ्यात लोळवलात तर कुणाच्याच कामाचा नाही.

प्रश्न: माझी मोठी बहीण आणि भाऊजी दोघंच राहतात, मुलं नाहीत. भाऊजी सत्तरीचे. गेल्या दोन-तीन वर्षांत घर असं झालंय की बाथरूममध्ये पेपरचे गठ्ठे आहेत म्हणून दोघं शेजाऱ्यांकडे अंघोळीला जातात. भाऊजी बाहेर रस्त्यावर पडलेल्या पिशव्या, बाटल्या घेऊन येतात. स्वयंपाकघरात उंदीर. बहीण म्हणते त्यांचा स्वभावच तसा. आम्ही भाच्यांना घेऊन एका दिवसात सगळं साफ करून टाकावं का?

उत्तर: नको. घाईने हे एक तेवढं करू नका, बाकी सगळं घाईने करा.

वरच्या पत्रांमधली माणसं आणि तुमचे भाऊजी यांत फरक आहे. पसारा सगळ्यांच्याच घरात असतो, पण बाथरूमचं बाथरूम राहिलं नाही, गॅसपाशी उभं राहता येत नाही, वस्तू हलवली तरी माणूस कासावीस होतो, असं झालं की त्याला स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नसतं. डॉक्टरांच्या पुस्तकात याला होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात, 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेने तो वेगळा आजार म्हणून धरलाय, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. आळस नाही, कंजूषपणा नाही. त्यावर बोलून केलेले उपचार असतात, हळूहळू, वस्तू ठेवायची का द्यायची हे ठरवण्याचा सराव करून घेतात, आणि जोडीला डिप्रेशन वगैरे असेल तर औषधं.

आणि एक गोष्ट मला जास्त खटकली ती म्हणजे "गेल्या दोन-तीन वर्षांत". हा आजार बहुतेक वेळा तरुणपणीच डोकं वर काढतो आणि वयाबरोबर वाढत जातो. सत्तरीत जर हे नव्यानेच सुरू झालं असेल, रस्त्यावरचं उचलून आणणं आधी कधीच नव्हतं, तर विसरभोळेपणा, बोलण्या-वागण्यातला बदल, हे पण बघायला हवं, मेंदूच्या आजारातही असं होतं. त्यामुळे आधी फॅमिली डॉक्टर, मग न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. भाऊजी यायला तयार नसतील तर बहिणीला एकटीला न्या, तिचंही वजन, बीपी, झोप काय झालीय ते कुणी विचारलंय का? टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, 14416, फोन फुकट, मराठीत बोलता येतं, आज संध्याकाळी बहिणीकडूनच लावून घ्या.

तोपर्यंत फक्त दोन जागा मोकळ्या करा, तेही त्यांना सांगून, ते समोर असताना. बाथरूम आणि दारापर्यंतची वाट. पेपर बाहेर फेकू नका, सध्या दुसऱ्या खोलीत रचा, "इथे पाय घसरतो म्हणून तिकडे ठेवतोय" एवढंच. एका दिवसात सगळं रिकामं केलंत तर माणूस हादरतो, कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि मूळ दुखणं तसंच राहिल्यामुळे घर पुन्हा भरतं.

प्रश्न: एकच छोटा प्रश्न. नवऱ्याने गेलेल्या ट्यूबलाईट दाराच्या मागे उभ्या करून ठेवल्यात, 11 आहेत. टाकायच्या कशा? (कोल्हापूर)

उत्तर: फोडू नका, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात पण नाही. जुन्या काचेच्या ट्यूबमध्ये आणि सीएफएल बल्बमध्ये थोडा पारा असतो, फुटली की हवेत येतो, खोलीत लहान मूल असेल तर जास्तच जपायला हवं. पेपरमध्ये गुंडाळून, नवीन ट्यूबचे लांब खोके इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितले की मिळतात त्यात घालून, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारलं की कुठे आणि कधी घेतात ते सांगतील. चुकून फुटलीच तर खिडकी उघडायची, मुलांना बाहेर काढायचं, झाडू फिरवायचा नाही, जाड कागदाने गोळा करून ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं सुद्धा पिशवीत बांधून द्यायचं. आणि द्यायच्या आधी अकराच्या अकरा एकदा लावून बघायला नवऱ्यालाच सांगा. आमच्याकडच्या सहातली एक चालू निघाली होती, गेला होता तो स्टार्टर.